उंबरासमोरचा चौकोन

दिगंबर, परवा गावानं तुझी सरासरी काढली.

लोक त्याला शोकसभा म्हणतात. शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, खुर्चीवर तुझा फोटो, फोटोला झेंडूचा हार. एकेक जण उठला आणि बोलला. पहिला म्हणाला, सर फार शांत होते. मी मान लांब करून फोटो पुन्हा पाहिला; घाईत दुसऱ्याच कुणाचा ठेवला की काय! दुसरा म्हणाला, सरांनी कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. तिसरा म्हणाला, मनमिळाऊ. चौथ्यानं या तिघांचंच पुन्हा सांगितलं, फक्त हळू. चौघांचं बोलणं एकावर एक ठेवून चारनं भागलं तर जो माणूस उरत होता, त्याला मी ओळखत नाही. त्याच्याशी माझं एकदाही भांडण झालेलं नाही. आणि तुझ्याशी तर चौथीच्या वर्गापासून मी दुसरं काही केलेलंच नाही.

मला चीड आली. मला चीड आली की मी उभा राहतो, आणि उभा राहिलो की नाटकाच्या तिसऱ्या अंकात राहतो तसा राहतो: एक हात कमरेवर, एक आभाळाकडे. पण मी उठायच्या आधी शेवंताबाई उठल्या. पंचायतीच्या मेंबर म्हणून नाही, रडायला म्हणून उठल्या. पण पदर डोळ्यांना लावता लावता त्यांच्यातली मेंबर जागी झाली आणि त्यांनी जाहीर केलं, की तलावावर बायकांसाठी जो घाट बांधायचा आहे त्याला दिगंबर सरांचं नाव द्यायचं. आणि तो बांधायचा सरांच्या नकाशात दाखवलेल्या जागी. काठावरच्या उंबराच्या झाडासमोर.

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मला मेलेल्या नायकाच्या भूमिकेत कधी इतक्या मिळाल्या नाहीत.

मग मी उठलो. "तेथं नाही," म्हटलं. "तेथं डुबाव आहे."

सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. बकारामभाऊ माझ्या मागेच बसले होते. त्यांनी माझा सदरा धरून खाली ओढला. "गंगाधर, आज तरी राहू दे गा. गेलेल्या माणसासंग कायले भांडून राहिला?"

कायले? तो भांडण अर्धं टाकून गेला, त्याच्यासाठी!

आता तू म्हणशील, मला काय सांगतोस, मला सगळं माहीत आहे. गप बैस. तुला मध्येच तोंड घालता येत नाही असा योग पहिल्यांदा आला आहे. मी अगदी पहिल्यापासून सांगणार, माझ्या पद्धतीनं, हातवारे करून.

मागच्या वैशाखात तलाव उतरला होता. आपल्या गावच्या बाया कपडे धुतात त्या दगडांवर शेवाळ इतकं, की शेवंताबाईंची जाऊ घसरली आणि हात मोडून घेऊन आली. घाट बांधायचं ठरलं. पायऱ्यांचा, पक्का. जागा अशी हवी की ऐन वैशाखातही पाणी शेवटच्या पायरीशी राहावं, आणि पायरीवरून पाय सुटला तर बाई, आणि बाईच्या पदराला धरून आलेलं लेकरू, बुडू नये. एवढीच अट. यावर गावात जितकी तोंडं तितक्या जागा निघाल्या. तेव्हा तू चष्मा कपाळावर सरकवून म्हणालास, "मोजू."

तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा माणूस, दुसरं काय म्हणणार? मी म्हटलं, बांबू घेऊ, खुणा करू. तू म्हणालास, "बांबू कपडे धुवाले जात नाही."

आणि तिथून तुझं सुरू झालं. आपल्या तलावात खोली फुटांत कुणी सांगत नाही. घोट्याभर, गुडघाभर, कंबरभर, छातीभर, गळ्याभर. आणि डोकं गेलं की डुबाव. त्यापुढे शब्द नाही, कारण त्यापुढे सांगणाऱ्याच्या तोंडात पाणी असतं. तू म्हणालास, हीच मापं घ्यायची. काठापासून आत दोरखंड टाकायचे, पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, समांतर टाकायचे, तलावाचे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात माणूस उतरेल आणि पाणी कुठवर आलं ते कागदावरच्या त्याच चौकोनात लिहील. पण एका माणसावर विश्वास नाही. चार माणसं, चार वेगळे कागद, एकानं दुसऱ्याचा बघायचा नाही.

चार माणसं कोण? ताडासारखे बकारामभाऊ. मधल्या उंचीचा तू. शेवंताबाई, कारण घाट बायकांचा. आणि मी, कारण तुझ्या शब्दांत, "बुटका पाहिजे ना एक."

एकाची कंबर ती दुसऱ्याची छाती, म्हणून शब्दांचे आकडे करायला तू टेप आणलास आणि प्रत्येकाचा गुडघा, कंबर, छाती जमिनीपासून किती उंच ते मोजायला निघालास. शेवंताबाईंसमोर टेप घेऊन वाकलास तेव्हा त्या दोन पावलं मागं सरल्या. "सर, टेप तुमच्या घरच्या वहिनीच्या हाती द्या. नाहीतं मी तुमचीच लांबी घेतो आडवं पाडून." शांत, मनमिळाऊ सर! कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते.

दोन सकाळी आपण चिखलात काढल्या. चार कागद भरले. मग तुझ्या ओसरीवर तो जुना लॅपटॉप उघडून तू बसलास, आणि मी तुझ्या मागं, मान तुझ्या खांद्यावर टाकून.

कॉम्प्युटरची ती भाषा तूच मला शिकवलीस. आर. नाव एका अक्षराचं. कंजूष लोकांनी केली असणार. दोन पावसाळे तू साकोलीला माझ्या कापडाच्या दुकानात येऊन बसायचास, गिऱ्हाईक नसलं की थानांच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवायचास आणि मला झोडायचास. मॅट्रिक्स मला कळेना. तू माझ्या बापाची आठवण काढलीस. "बाबूजी मागावर काय करत? ताणा उभा, बाणा आडवा. जिथं दोन्हीची गाठ पडते तिथं एक जागा. त्या जागी एक आकडा बसव. झालं मॅट्रिक्स." माझा बाप आयुष्यभर मॅट्रिक्स विणत होता आणि आम्ही त्याला धोतर समजत होतो. त्या दिवशी मी तुला चहा पाजला, पण 'बाबूजींची आठवण काढलीस ते बरं वाटलं' असं म्हटलं नाही. आता म्हणतो. ऐकू येतं का बघ.

आणि सरासरी! अनेक मॅट्रिक्सची, चौकोनागणिक. सगळे आकडे एकत्र करून पूर्ण तलावाला एकच आकडा चिकटवणारा तुझ्या लेखी गाढव होता. "त्यानं काय समजते बे? कुठं उतरू ते समजते का?" तू पळसाच्या चार पत्रावळी एकावर एक ठेवल्या होत्यास, वहिनींनी जेवायला काढलेल्या, आणि त्यांच्या शिवणाच्या डब्यातली मोठी सुई वरून आरपार घातलीस. "हे पाह्य. सुई चारही पत्रावळीत एकाच जागेतून गेली. त्या चार भोकांचे चार आकडे, त्यायची सरासरी. मंग सुई काढ, शेजारी टोच. पुन्हा चार. असा पूर्ण पत्रावळभर." वरण त्या भोकांतून गळालं तेव्हा वहिनींनी आपल्या दोघांना जे ऐकवलं, त्याची सरासरी काढायची हिंमत मात्र तुला झाली नाही.

खरं तर ही पद्धत मी आधीच सोसली होती. माझ्या एका नाटकाला तू स्वतः, वहिनी, तुझी आई आणि बकारामभाऊ, असे चौघं पहिल्या रांगेत बसवलेस आणि प्रत्येकाला कागद दिलास: उभे प्रवेश, आडवं आवाज, हावभाव, पाठांतर. दहापैकी गुण. मरणाच्या प्रवेशात तुझ्या आईनं रडत रडत मला दहा दिले. तू शून्य दिलास. उरलेल्या दोघांनी पाच-पाच. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन निकाल सांगितलास: "पाच. मध्यम मेलास." मी महिनाभर बोललो नाही. अरे, ज्या प्रवेशात एक म्हातारी हुंदके देते आणि एक नालायक जांभई देतो, तो प्रवेश मध्यम कसा? तो मध्यम सोडून सगळं काही आहे! तू म्हणालास, "सरासरी भांडण मिटवते." मी म्हटलं, "मिटवत नाही, बुजवते." तू हसलास. तुझं ते हसणं! समोरच्याचं बरोबर आहे हे कळलं की तू हसायचास आणि विषय बदलायचास.

तर तो उंबरासमोरचा चौकोन.

तिथं आधी तू उतरलास: कंबरभर. शेवंताबाई: कंबरभर. बकारामभाऊ: कंबरभर, तेही जेमतेम. मग मी उतरलो, दोन पावलं चाललो, उजवा पाय टाकला आणि तलावानं मला गिळलं. पाय टेकायला काही नव्हतं. गढूळ हिरवा उजेड दिसला, कानांत ढोल वाजला, आणि वर आलो तेव्हा तू पाळीवर उभा राहून हसत होतास.

"नाटक नोको करू बे. लिही, किती?"

"डुबाव!"

"तुले तं घरच्या टाक्यातही डुबाव."

"दिग्या, पाय टेकला नाही!"

"आकडा सांग. डुबाव म्हणजे किती फूट?"

"मी पाण्याखाली होतो! फूट मोजाले गेलो होतो का?"

मी ओल्या हातानं कागदावर लिहिलं, डुबाव. त्या कागदावर अजून डाग आहे. आणि तू मशीनमध्ये त्या जागी काय भरलंस? एनए. म्हणजे, इथं आकडा उपलब्ध नाही. म्हणजे, हा चौकोन गंगाधरनं भरलाच नाही. मी जीव घालून भरलेला चौकोन रिकामा!

बरं, रिकामा ठेवलास तर तसा ठेव. पण मग तू तुझा तो मंत्र टाकलास. चार पत्रावळी एकत्र, आरपार सुई, मीन म्हणजे सरासरी, स्वल्पविराम, एनए डॉट आरएम बरोबर ट्रू. मी त्याला चाल लावली होती, आठवतं? भजनाची. अर्थ असा: जिथं आकडा नाही तो कागद बाजूला सार आणि उरलेल्यांची सरासरी काढ. माझं डुबाव बाजूला सरलं. उरले तिघं. तिघंही कंबर. पडद्यावर उंबरासमोरचा चौकोन फिक्या पिवळ्या रंगात उजळला: कंबरभर, घाटाला उत्तम.

ओसरीवरचं आपलं भांडण सगळ्या आळीनं ऐकलं. मी म्हणत होतो, जो बुडाला त्यालाच हिशेबातून काढतोस! तू म्हणत होतास, नियम सगळ्यांना एक. तलावाच्या मधोमध चौघांनीही डुबाव लिहिलं, तिथं सरासरी काढायला कुणीच उरत नाही, तिथं मशीन निळा रंग भरते. पण एकट्याच्या बोलण्यावर चौकोन निळा करायचा नाही. "एक माणूस घाबरला का पूर्ण तलाव बुडवायचा का? उद्या कोणी चिखलाले भिऊन काठालेच डुबाव लिहिलं तं?"

"कोणी म्हणजे कोण? नाव घे."

तू नाव घेतलं नाहीस. चष्मा पुसत बसलास.

तेवढंच मला लागलं, दिगंबर. गोष्ट रंगवून सांगणारा माणूस मी. पानं गळालेल्या झाडाखाली वाघ पाहिला तर घरी पोचेपर्यंत दोन होतात, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. पण तुला तरी कळायला हवं होतं, की मी पाण्याबाहेर खोटं बोलतो. मला त्या दिवशी एकच विचारायचं होतं: माझा चौकोन नियमानं गेला, की तुझा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून गेला? ते मी विचारलं नाही. आवाज चढवून बाकी सगळं बोललो आणि ते राहिलं.

मग वर्षभर आपण ते भांडण पुरवून पुरवून खाल्लं. बाजारात, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर. शेवटचं, तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी, फोनवर. मी म्हटलं, कामाला सुरुवात होणार आहे, त्या जागेचं बघ. तू म्हणालास, "आकडा आण, मंग बोल," आणि फोन ठेवलास. हे तुझे शेवटचे शब्द. लोकांना गीतेतलं काही ऐकवून जातात माणसं. आणि दुसऱ्या दिवशी जेवून बाजेवर पडलास तो पडलासच. ना छातीवर हात, ना अडखळता श्वास, ना कुणाला जवळ बोलावणं. इतका साधा प्रवेश! मी शून्य दिला असता.

तर शोकसभेत मला खाली ओढलं गेलं, पण मी दुसऱ्या सकाळी तलावावर गेलो. बकारामभाऊंना घरातून उठवून नेलं. शेवंताबाई आपणहून आल्या, कारण माझं तोंड बंद करायचं होतं. पाणी मागच्या वैशाखाइतकंच उतरलेलं. बकारामभाऊंनी धोतर वर खोचलं, टोपी नीट केली आणि उंबरासमोर उतरले.

"हे पाह्य गंगाधर. कंबर." चार पावलं चालले. "कंबर." माझ्याकडे वळले, लहान लेकराला समजवावं तसे हात पसरले. "आता इकडं, तू म्हणते तिकडं. हे पाह्य, येथं भी कं..."

टोपी तेवढी राहिली पाण्यावर.

शेवंताबाई किंचाळल्या. मी चपलेसकट पाण्यात धावलो, आणि मला लाज वाटत नाही सांगायला, धावता धावता मनात तूच होतास: पाहा! पाहा बे दिग्या! बकारामभाऊ पट्टीचे पोहणारे. दोन हात मारून काठाला लागले, खोकले, थुंकले, आणि आपल्या भाषेतले जे शब्द त्यांनी वापरले ते स्मृतिलेखात लिहीत नाहीत. मग म्हणाले, "विहिरीवानी आहे बाप्पा. कोणीतरी माती काढून नेली असन घर बांधाले. बाजूनं कंबर, आन् मधात खड्डा."

"आता लिहा," मी म्हटलं.

"डुबाव," बकारामभाऊ म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिही."

मी नाचलोच, दिगंबर. ओल्या धोतरातल्या म्हाताऱ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. तुझी शोकसभा झाल्याला एक दिवस झाला होता. जिंकलो होतो ना!

तसेच तिघं तुझ्या घरी गेलो. वहिनींनी काही न विचारता लॅपटॉप आणून ओसरीवर ठेवला, तुझ्याच जागी, आणि सगळ्यांना पाणी दिलं. मी बकारामभाऊंच्या कागदात उंबरासमोरचा चौकोन उघडला, कंबर काढली, एनए भरलं, आणि तुझी ओळ चालवली. श्वास रोखून बसलो.

फिका पिवळा. कंबरभर. घाटाला उत्तम.

मी पुन्हा चालवली. पिवळा. चार जणांपैकी दोघं बुडाले, दोघं बाजूला सरले, उरलेल्या दोघांची सरासरी: कंबर. तुझ्या मशीनला ढिम्म फरक पडला नव्हता. बकारामभाऊंच्या धोतरातून अजून पाणी टपकत होतं आणि पडदा सांगत होता, इथं काही झालेलं नाही.

शेवंताबाई वाकून बघत होत्या. "म्हंजे कसं जी? मी भी पडली असती तं?"

"तर एकटा दिगंबर उरला असता. त्याची कंबर."

"सर तं गेले."

"हो."

"मंग हा घाट म्हणंन, कोणी बुडतच नाही. जे बुडते त्याले विचारतच नाही." त्या खाली बसल्या. त्यांचं हसणं की रडणं ते मला कळलं नाही. "भाऊ, माझी नात येते जी माझ्यासंग कपडे धुवाले. धुवाच्या दगडावर उभी राहते. गुडघ्याएवढी आहे."

आणि तेव्हा माझा राग उतरला, दिगंबर. उतरायला नको होता, कारण त्याच्याखाली दुसरं काही होतं. बकारामभाऊ म्हणजे गावातला सर्वांत खरा माणूस. उभ्या जन्मात ज्यानं गोष्ट रंगवली नाही, त्याचं डुबावही तुझ्या ओळीनं माझ्यासारखंच बाजूला सारलं. नियमच होता. विश्वासाचा प्रश्न नव्हताच. मी वर्षभर जे विचारलं नाही त्याचं उत्तर तुझ्या ओसरीवर असं मिळालं, आणि ज्याला 'मग तोंडानं सांगायला काय झालं होतं रे तुला' म्हणून झापायचं तो जागेवर नव्हता. चिडायचं कुणावर?

मग मी तुझ्या मंत्राला हात लावला. शेवटचा शब्द फक्त. ट्रू पुसून फॉल्स लिहायचं. म्हणजे चारांतल्या एका जणाचा जरी आकडा नसेल तर उरलेल्यांची सरासरी काढू नकोस. तो चौकोन निळा कर. एवढंच. माझी बोटं जाडी, घाई झालेली. एंटर दाबलं आणि लाल अक्षरांत काहीतरी ओरडलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. तुझ्याच घरात तुझ्या मशीननं मला हाकललं.

वहिनी मागं उभ्या होत्या. "शेवटचा कंस राह्यला, भाऊजी."

मी वळून पाहिलं.

"रोज ओरडत बसत. 'कंस राह्यला, कंस राह्यला.' स्वतःवरच." मग म्हणाल्या, "सर चिडले असते. त्यायची ओळ बदलवून राहिले तुम्ही."

"चिडू द्या ना वहिनी. त्याच्यासाठीच करून राहिलो."

कंस घातला. ओळ चालली. उंबरासमोरचा चौकोन निळा झाला.

पण एकटा तोच नाही. मी बुटका ना! जिथं तुम्ही तिघं गळ्याभर होता आणि मी डुबाव, ते सगळे चौकोन निळे झाले. निळा पसरत पसरत पार काठाशी आला. तलाव एका क्षणात केवढा मोठा झाला. तू खरं सांगत होतास, एक माणूस पूर्ण तलाव बुडवू शकतो. हे मी मान्य करतो, लिहून देतो, आता हस आणि विषय बदल.

पण ऐक. घाटाला पूर्ण तलाव लागत नाही. काठाला अजून थोडे चौकोन पिवळे राहिले होते, देवळाकडच्या टोकाला. जिथं आपल्यातला सर्वांत बुटका माणूसही, नाटक करूनसुद्धा, बुडू शकला नव्हता. शेवंताबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. "येथं." त्यांनी नातीचा हात तिथं सोडून पाहिला असावा मनात. उंबरासमोर आता बांबू रोवून लाल फडकं बांधलंय. फडकं माझ्या दुकानातलं, चांगल्यातलं. घाटाला तुझंच नाव राहणार आहे. त्याला मी हरकत घेतली नाही, फक्त पाटीवर 'शांत' आणि 'मनमिळाऊ' लिहायचं नाही, एवढी अट घातली. बकारामभाऊ म्हणाले, "मंग काय लिहाचं?" मी म्हटलं, काहीच नोको. नाव लिहा, आणि पाटी थोडी वाकडी लावा. येणारा-जाणारा त्यावरून भांडला पाहिजे.

निघताना मशीननं विचारलं, बदल जतन करायचे का? हो म्हटलं तर तुझी ओळ जाते. नाही म्हटलं तर शेवंताबाईंची नात पुन्हा उंबरासमोर उभी.

मग मला सुचलं. तुझी ओळ मी जशीच्या तशी परत लिहिली, ट्रू सकट, कंसासकट. आणि तिच्या खाली माझी, फॉल्स वाली. आता ती फाईल कुणीही चालवली की आधी तुझा नकाशा निघतो, पिवळा, निश्चिंत. आणि लगेच मागून माझा, निळा, बोंबलत. वहिनींनी दोनदा चालवून पाहिली.

"आताही भांडूनच राहिले," त्या म्हणाल्या, आणि लॅपटॉप बंद न करता तसाच उघडा ठेवून चहा टाकायला आत गेल्या.